लेक झोपली, मी जागाच

एकट्याने लहान मूल सांभाळणाऱ्या माणसाने झोप येत नाही म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, अरे लहान मुलं अशीच, रात्रभर उठवतात, जरा मोठी झाली की होईल सगळं नीट. चांगल्या मनाने म्हणतात, पण माझं दुखणं ते नाहीये. माझी लेक तीन वर्षांची आहे आणि ती रात्री मस्त झोपते. साडेआठ-नऊला डोळे मिटले की थेट सकाळी सहाला, मधे एखाद वेळेस पाणी मागते नाहीतर झोपेतच पांघरूण चाचपते, बास. जागा असतो तो मी. ती गाढ झोपलेली, घर शांत, मी दिवसभर दमून पार गळून गेलेलो, आणि डोळे टक्क उघडे.

बाळ उठवतं म्हणून झोप कमी पडणं वेगळं आणि झोपायला पूर्ण मोकळीक असूनही झोप न येणं वेगळं. पहिल्या प्रकारात माणसाला संधी मिळाली की तो बसल्या जागी पेंगतो. दुसऱ्यात संधी समोर असते आणि शरीर ती घेतच नाही. बऱ्याच एकट्या आईबापांचं पहिल्याचं दुसरं होतं असं मला वाटतं, म्हणजे बाळ लहान असताना दर दोन-तीन तासांनी उठायचं, ते वर्ष-दीड वर्ष चालतं, मग बाळ झोपायला लागतं पण आपण मात्र दोन वाजता उठतच राहतो, कोणी उठवलेलं नसताना.

माझ्या बाबतीत नक्की काय चाललंय ते कळलं ताईमुळे. ताई राहायला आली की मला झोप येते. तोच पलंग, तीच गादी, लेक तशीच शेजारी लाथा मारत, ताई बाहेरच्या खोलीत, आणि मी पाठ टेकली की थोड्या वेळात गुडूप. ताई रात्री काहीच करत नाही, तिला उठवायची वेळ कधी आलेलीच नाही. पण घरात आणखी एक मोठं माणूस आहे, लेकीला ताप चढला, ती पलंगावरून पडली, किंवा मलाच काही झालं तर ऐकायला आणखी दोन कान आहेत, एवढं शरीराला कळतं आणि ते ढिलं पडतं. ताई गेली की पुन्हा जैसे थे. म्हणजे मला झोपता येत नाही असं नाही, मला पहारा सोडता येत नाही. जिथे दोघं असतात तिथे न बोलता पाळ्या लागलेल्या असतात, आज तू बघ, मी झोपतो. एकटा माणूस म्हणजे रात्रपाळीचा असा वॉचमन की ज्याला सोडवायला पुढच्या पाळीचा माणूस येतच नाही.

हे नुसतं मनाचे खेळ म्हणून उडवून लावण्यासारखं नाही. परक्या घरी पहिल्या रात्री झोप लागत नाही हा अनुभव सगळ्यांना असतो, त्यावर ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांचं २०१६ मधलं काम आहे. त्यांना असं दिसलं की नवीन जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा हलका झोपतो आणि जरा वेगळा आवाज झाला की पटकन प्रतिसाद देतो. म्हणजे मेंदूला पहारा ठेवून झोपता येतं, ती त्याची अंगभूत सोय आहे. माझं त्यावरून मत असं झालंय की एकट्या पालकाच्या घरात ही सोय रोजच चालू राहते, पहिली रात्र कधी संपतच नाही. हे मत माझं, संशोधकांचं नाही.

झोपेच्या उपचारात आर्थर स्पीलमन यांचं नाव पुन्हा पुन्हा येतं. त्यांनी १९८७ मध्ये निद्रानाशाची एक मांडणी केली, ती मला खूप पटली. काही माणसांचा पिंडच हलक्या झोपेचा असतो हा एक भाग, मग काहीतरी घडतं आणि झोप उडते, आजारपण, जोडीदार जाणं, घटस्फोट, बाळ होणं, नोकरी सुटणं हा दुसरा, आणि तिसरा भाग म्हणजे गेलेली झोप भरून काढायला आपण जे जे करतो ते, लवकर आडवं होणं, सकाळी लोळत पडणं, दुपारी मिळेल तिथे डुलकी, रात्री घड्याळ बघत हिशोब. घटना मागे पडते, पण ह्या तिसऱ्या भागामुळे निद्रानाश मुक्काम ठोकतो. एकट्या पालकाला पहिल्या दोन गोष्टी बदलता येत नाहीत, तिसरी थोडीफार येते.

त्यातली एक गोष्ट खास आपल्यासारख्यांची आहे. मुलाला झोपवताना स्वतःच झोपणं. खोलीत अंधार, अंगावर थोपटणं चालू, तिचा श्वास लांब होत जातो आणि त्याबरोबर आपलाही, पाऊणएक तासाने दचकून जाग येते, तोंडाला कोरड, भांडी तशीच पडलेली, आणि मग रात्री एक वाजेपर्यंत झोपेचा पत्ता नाही. याचं कारण झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या मॉडेलमधून सरळ कळतं. झोप दोन गोष्टींनी ठरते, एक शरीराचं घड्याळ, आणि दुसरं झोपेचा दाब, जो उठल्यापासून दिवसभर साठत जातो. संध्याकाळच्या डुलकीत त्या दाबाची हवा निघून जाते. मी आता तिला आडवं होऊन झोपवत नाही, पलंगाशेजारी जमिनीवर पाठ भिंतीला टेकून बसतो आणि एक हात तिच्या पाठीवर ठेवतो. सुरुवातीला तिने खूप कुरकुर केली, बाबा इथे ये, बाबा झोप, मला आत आत तुटायचं अक्षरशः, पण चारपाच दिवसांत तिने बाबाच्या हातावर समझोता केला, आता ती तो हात स्वतःच ओढून गालाखाली घेते. चहा-कॉफीचंही तसंच, कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी मूल आवरताना तगून राहायला घेतलेला कप रात्री दहाला निम्मा आत असतोच. मी दुपारी दोननंतर बंद केलं. पहिला आठवडा कठीण गेला, मग जमलं.

आता मुख्य उपचाराबद्दल. जुन्या निद्रानाशासाठी पहिला उपाय गोळी नाही तर सीबीटी-आय, म्हणजे निद्रानाशासाठीची कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलायची. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स ह्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं, युरोपातल्या गाइडलाइन्सही तेच म्हणतात. मी थेरपिस्टकडे जाऊन ती केली आणि ती उपयोगी पडली हे आधी सांगतो, कारण पुढे जे लिहितोय त्याने कोणी ती सोडून देऊ नये. पण त्यातल्या सूचना वाचताना सारखं वाटायचं की हे ज्यांनी लिहिलंय त्यांनी घरात दुसरं माणूस आहे असं धरूनच चाललंय.

उदाहरणार्थ, झोप येत नसेल तर पलंग सोडा, दुसऱ्या खोलीत जा, पेंग आली की परत या. रिचर्ड बूटझिन यांची ही १९७२ पासूनची पद्धत, आणि ती चालते, कारण पलंग म्हणजे तळमळणं हे जे मेंदूत बसलेलं असतं ते हळूहळू पुसलं जातं. पण माझ्या पलंगावर माझ्या दंडावर डोकं ठेवून एक तीन वर्षांची मुलगी झोपलेली असते! दंड काढायचा म्हणजे आधी तिची मान अलगद उचलायची, तिथे उशी सरकवायची, तिची मूठ माझ्या शर्टात गुंतलेली असते ती एकेक बोट करून सोडवायची, श्वास रोखायचा, आणि एवढं करून पाय जमिनीला लागला की, बाबा कुठे चाललास. थेरपिस्टला हे सांगितल्यावर त्यांनी ते गंभीरपणे घेतलं आणि आम्ही ते बदललं. लेकीला त्याच खोलीत वेगळी छोटी गादी केली, माझ्या पलंगाला लागून, हात पुरेल एवढ्या अंतरावर. आणि दुसऱ्या खोलीऐवजी खोलीच्या दारात एक खुर्ची. दार अर्धं उघडं, बाहेर मंद पिवळा दिवा, मांडीवर तिच्या धुतलेल्या कपड्यांचा ढीग. मी मोज्यांच्या जोड्या लावतो, फ्रॉकच्या घड्या घालतो. तिथून ती दिसते, त्यामुळे पहारा सोडल्यासारखं वाटत नाही, आणि पलंगावर तळमळतही नाही. फोन मुद्दाम हाताला लागणार नाही असा पण वाजला तर ऐकू येईल असा ठेवतो. घड्याळ उलटं करून ठेवलंय. रात्री किती वाजले हे कळून आजवर कोणाला झोप लागलेली मी पाहिलेली नाही, उलट आता फक्त तीन तास उरले हा हिशोब सुरू होतो आणि छाती धडधडायला लागते.

दुसरी सूचना म्हणजे पलंगावरचा वेळ आवळायचा. आठ तास लोळून साडेपाच तास झोप मिळत असेल तर सुरुवातीला पलंगावर साधारण तेवढाच वेळ घालवायचा, झोप सलग व्हायला लागली की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायचं. पाच तासांच्या खाली सहसा नेत नाहीत. ऐकायला उरफाटं वाटतं पण यात ताकद आहे. मात्र पहिले दोन-तीन आठवडे दिवसा भयंकर झोप येते, आणि एकटा माणूस लहान मुलाला घेऊन रस्ता ओलांडतो, गाडी चालवतो, तिला अंघोळ घालतो. म्हणून मी ते सौम्य करून केलं, झोपायची वेळ एकदम न ढकलता थोडी थोडी पुढे नेली. ज्यांना फिट येतात किंवा बायपोलर आजार आहे त्यांनी हा प्रयोग आपल्या मनाने अजिबात करू नये, डॉक्टरांना विचारूनच. सकाळी रोज ठरलेल्या वेळी उठा ही जी सूचना सगळ्यांना जड जाते ती मात्र आपल्याला आयती मिळते. शनिवार असो रविवार असो, सहाला माझ्या पापणीत बोट घातलं जातं. मग लगेच तिला घेऊन बाहेर उजेडात जातो, सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ जागेवर ठेवतो, आणि तिलाही मजा येते.

थेरपीतला एक भाग विचारांवर असतो. उद्या माझं काही खरं नाही, मी कोलमडणार, हे विचार अतिरेकी आहेत का ते तपासा, असं. यावर माझं जरा भांडण आहे. जोडीदार असलेल्याने हे तपासावं, त्याचा उद्याचा दिवस खरंच कसाबसा निभतो. एकट्या पालकाची भीती बऱ्याच अंशी खरी असते, उद्या मी ढेपाळलो तर हातातलं काम घ्यायला कोणी नाहीये हे वास्तव आहे, त्याला चुकीचा विचार म्हणून ते जात नाही. मला त्यावर लागू पडलं ते वेगळंच, वाईट रात्रीनंतरच्या दिवसाची आधीच केलेली तयारी. कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. त्यावर लिहिलंय की अशा दिवशी गाडी चालवायची नाही, अंघोळीला सुट्टी, घर जसं असेल तसं, दुपारी कार्टून लावलं तर अपराधी वाटून घ्यायचं नाही, संध्याकाळी ताईला फोन. आणि खेळ एकच, डॉक्टर-पेशंट, ज्यात पेशंट मी. मी चटईवर आडवा, ती माझ्या पोटावर चमच्याने तपासते, कपाळावर ओला रुमाल ठेवते, बाबा हलू नको, तुला बरं नाहीये. अर्धा तास डोळे मिटून पडायला मिळतं आणि तिचंही पूर्ण लक्ष माझ्यावर असतं. हा कागद आहे म्हटल्यावर रात्री दोन वाजता उद्याचं काय ह्या प्रश्नाला उत्तर तयार असतं, आणि गंमत म्हणजे उत्तर तयार असलं की प्रश्न येणंच कमी होतं.

गाडीचं मी उगाच लिहिलेलं नाही. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सतरा तास सलग जागं राहिलेल्या माणसांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यांइतकी घसरलेली आढळली, बऱ्याच देशांत गाडी चालवायला कायद्याची मर्यादाच तेवढी आहे. आणि ज्यांचं मूल अजून वर्षाच्या आतलं आहे त्यांना हात जोडून सांगतो, डोळे जड झालेले असताना बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत टेकू नका. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते की बाळासाठी पाळणा किंवा त्याची वेगळी सपाट जागाच सगळ्यात सुरक्षित, पण पाजताना झोप लागण्याची शक्यता असेलच तर सोफ्यापेक्षा पलंग कमी धोक्याचा, तोही उशा-पांघरुणं दूर सारून. बाळ रडतंय आणि आपल्या हातापायांत रागाने थरथर यायला लागली तर त्याला पाळण्यात उताणं ठेवून दाराबाहेर पाच मिनिटं उभं राहायचं. रडून बाळाला काही होत नाही. एकट्याने सांभाळताना हा राग येतो, झोप नसली की जास्तच येतो, आणि त्यावर कोणी बोलत नाही म्हणून प्रत्येकाला वाटतं आपणच तेवढे वाईट.

पहारा सोडवण्याबद्दल. रोज ताई येऊ शकत नाही, म्हणून मी पहाऱ्याचे तुकडे केले. रात्री एकच फेरी, गॅस, नळ, दार, खिडकी, औषधांचा डबा वर, आणि फेरी झाली की कागदावर टिक. पलंगावर पडल्यावर दार लावलं का असा विचार आला तर उठून बघायचं नाही, कागदाकडे बघायचं. मग उद्याच्या कामांची यादी. बेलर विद्यापीठात मायकल स्कलिन यांनी २०१८ मध्ये ५७ तरुण मंडळींवर हे करून पाहिलं होतं, झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणारे हे झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा साधारण नऊ मिनिटं आधी झोपले, आणि यादी जितकी बारकाईने लिहिलेली तितकी झोप लवकर. नऊ मिनिटं कमी वाटतील, पण मला त्यातलं हेच आवडतं की यात जादूचा दावा नाही. तिसरं, शेजारच्या काकूंकडे घराची एक किल्ली, आणि एक ठरलेली गोष्ट, की मी सकाळी आठपर्यंत मेसेज केला नाही तर त्या दार वाजवतील. मला रात्री काही झालं तर लेक एकटीच राहील ही जी भीती होती, जी मी कोणालाच बोललो नव्हतो, ती ह्या एका व्यवस्थेने निम्मी झाली. चौथं, तिची प्रत्येक हालचाल म्हणजे जाग नव्हे. सगळीच माणसं रात्रीत बऱ्याचदा क्षणभर वर येतात, कूस बदलतात, पुटपुटतात आणि पुन्हा आत जातात, लहान मुलं तर जास्तच. मी आता तिने हूं केलं की लगेच उठून बसत नाही, तिला तिचं आत जाऊ देतो, बहुतेक वेळा ती जातेच.

गोळ्यांबद्दल विचारणारे बरेच असतात. मी गोळ्यांच्या विरोधात नाही, पण एकट्या पालकाने डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगावं की रात्री घरात दुसरं मोठं माणूस नाहीये. झोपेच्या बऱ्याच गोळ्यांनी मुलाचा आवाज ऐकू न येणं, उठल्यावर तोल जाणं, सकाळपर्यंत सुस्ती राहणं हे होतं, काहींची सवय लागते. ॲलर्जी-सर्दीच्या ज्या गोळ्यांनी गुंगी येते त्या झोपेसाठी म्हणून परस्पर घेऊ नयेत. गोळी किंवा दारू घेतलेली असेल तर बाळ त्याच पलंगावर अजिबात नको. दारूने डोळा लवकर लागतो पण उत्तररात्री झोप फाटते.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, आणि असं तीन महिने, एवढं झालं तर त्याला जुना निद्रानाश धरतात. पण डॉक्टरकडे जायला तीन महिने थांबायचं काही कारण नाही. थायरॉइड, अंगातलं लोह, रात्री पायात होणारी चुळबुळ, घोरणं, हे सगळं तपासता येतं. आणि नुकती बाळंतीण असलेल्या बाईला बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल तर ते नुसतं थकवा म्हणून सोडून देऊ नका, प्रसूतीनंतरच्या नैराश्याची ती खूण असू शकते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं, दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही.

माझ्या अजूनही वाईट रात्री येतात. लेक आजारी असली की आठवडाभर घडी विस्कटते, आणि मग पुन्हा बसते. आधी विस्कटली की महिनोन्‌महिने तशीच राहायची.

हे वाचणाऱ्यांत जे एकटे पालक नाहीत पण ज्यांच्या ओळखीत कोणी आहे, त्यांच्याशी थोडं बोलायचंय. काही लागलं तर सांग, असं आम्हाला सगळे म्हणतात आणि मनापासून म्हणतात. पण झोप नसलेल्या माणसाला काय लागतंय हे शोधून, शब्दात मांडून, कोणाला तरी फोन करून मागण्याइतकी ताकद नसते. त्यापेक्षा ठरवून सांगा, शनिवारी दोन ते पाच मी येतोय, तू आत जाऊन पड. आलात की मुलाला बाहेर नेऊ नका, त्याच घरात खेळवा, आवाज होऊ दे. आणि आम्हाला झोप लागली का असं उठल्यावर विचारू नका, कधी लागेल कधी नाही. जाताना पुढच्या वेळेची तारीख सांगून जा.